बिनशेपटीची शेळी

फार पूर्वी, पुस्तकांत दोनच रंग असत आणि पान उलटलं की शाईचा वास येई, त्या काळी एका नगरात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी एक बाई होती. लहानपणी कोळशाने भिंती रंगवून तिने मार खाल्ला होता. मोठेपणी त्याच उद्योगाला लोक कला म्हणू लागले.

तिची एक खोड होती. प्रत्येक चित्रात ती काहीतरी काढायचं बाकी ठेवी. शेळीला शेपूट नसे, आजोबांना मिशी नसे. मुलं तिला रस्त्यात अडवत.

"बाई, शेपूट विसरलात!"

"अगं बाई, खरंच की! आता तूच काढ. माझी शाई संपली."

मग कुणी शेळीला मोराचा पिसारा लावी, कुणी सुंभाची दोरी.

बाईचे केस पिकले, तेव्हा नगरात बालपुस्तक समिती नेमली गेली. समितीच्या अध्यक्षांनी मुलं फक्त बक्षीस समारंभात पाहिली होती. ते म्हणाले, "बाई, शेळी पूर्ण करा. अर्धवट चित्रं शाळांत जाणार नाहीत."

"मुलं करतात की पूर्ण."

"म्हणूनच तर! पुस्तकं खराब होतात."

पुस्तकं शाळेत गेली नाहीत, तर मुलं आपल्याला विसरतील, या धास्तीने बाईने मुकाट्याने शेपट्या काढल्या, मिश्या काढल्या. समितीने तिच्या खांद्यावर शाल घातली.

वर्षभराने अध्यक्षांनी तिला एका शाळेत नेऊन कपाट उघडलं. "पाहा! एकही पान मळलेलं नाही."

बाईने शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "पुस्तक आवडलं नाही का गं?"

"छान आहे," मुलगी सभ्यपणे म्हणाली. "पण त्यात आम्हाला कामच नाही."

तो सभ्यपणा बाईला फार लागला.

पुढच्या पुस्तकात हत्तीला सोंड नव्हती. समितीने तीन बैठका घेऊन ते नाकारलं. एका गल्लीतल्या वाचनालयाने मात्र ठेवून घेतलं. थोड्याच दिवसांत तिथले ग्रंथपाल कुरकुरत बाईच्या दारात उभे राहिले.

"काय हे, बाई! मुखपृष्ठ गेलं, हत्तीला नऊ सोंडा झाल्या, दोन पानं कुणी घरी नेली. दुसरी प्रत द्या."

बाईने त्यांना बसवून चहा पाजला. म्हणाली, "दोन न्या."

तात्पर्य, ज्यांना ते लागतं त्यांच्यासाठी: मुलांना काही द्यायचं, तर त्यांच्या हातांसाठी थोडी जागा ठेवावी, आणि कपाटातल्या पुस्तकाच्या तब्येतीवर फार खूश होऊ नये.