वेळेआधी बांधलेली डहाळी

एका डोंगराच्या कुशीत सात घरांचा एक पाडा होता, आणि त्या पाड्यावर नवशी नावाची एक बाई होती. कामाचा कंटाळा काय असतो ते नवशीला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते थांबणं. चुलीवर भात ठेवला की तो शिजेपर्यंत ती तीनदा झाकण उचलायची, आणि भात कच्चा राहिला की चुलीला बोल लावायची.

तिची धाकटी बहीण सगी शेजारच्याच खोपटात राहायची. सगीचा नवरा वारला होता. पदरात चार वर्षांची चिमी. चिमी जेवायला आईकडे आणि झोपायला मावशीकडे, असा तिचा कारभार होता. नवशीला मूलबाळ नव्हतं. तिचा सगळा जीव त्या पोरीत होता.

चैत्र सरता सरता पाड्यावरचं धान्य संपायचं. मग सगळे मिळून रानातून कडूकंद खणून आणायचे. कडूकंद तसाच खाल्ला तर विष. त्याच्या चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात एकदा उकडायच्या, हाऱ्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत, भरून तीन दिवस ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे तो माणसाच्या पोटाला चालायचा. हारा साऱ्या पाड्याचा मिळून एकच. जिने कंद उकडला असेल तिनेच चौथ्या दिवशी एक चकती जिभेवर धरून बघायची. जीभ चुरचुरली नाही, तर हाऱ्याजवळच्या खुंटाला करंजाची हिरवी डहाळी बांधायची. डहाळी दिसली की ज्याने त्याने यावं आणि लागेल तेवढं घेऊन जावं. कुणी कुणाला विचारायचं कारण नाही. आज्यापणज्यापासून असंच चालत आलं होतं.

त्या वर्षी उकडायचं काम नवशीने अंगावर घेतलं. सगी घरी नव्हती. चिमीला काखोटीला मारून ती खाली वीटभट्टीवर कामाला गेली होती. नवशीने कंद उकडला, हारा ओढ्यात ठेवला आणि लाकडं आणायला रानात गेली. दुपारी पाड्यावरचीच हिरकी पाण्याला आली. हिरकीची नजर आधीच अधू. तिने हारा बघितला, खुंट बघितला. खुंटाला डहाळी नव्हती.

"नुसत्या चकत्या करून ठिवल्यात, अजून कुणी उकडलेल्या दिसत न्हाईत," ती म्हणाली. बिचारी मदतीलाच धावली. सगळा कंद तिने घरी नेला आणि राखेच्या पाण्यात पुन्हा उकडून काढला. दोनदा उकडलेल्या कंदाचा लगदा झाला. हाऱ्यात भरून पाण्यात ठेवला तर फटीफटीतून वाहून गेला. सात घरांचं अन्न ओढ्याने नेलं.

नवशी संतापाने लाल झाली. "मी सुरू केलं व्हतं ना? मग तू का हात लावलास?"

"मला काय ठावं?" हिरकी रडवेली झाली. "खुंट तर मोकळाच व्हता."

तिचंही बरोबरच होतं. मोकळा खुंट फक्त एवढंच सांगायचा की अजून तयार नाही. कुणी काम हातात घेतलंय की नाही, हे तो सांगायचा नाही.

पुन्हा कंद खणण्यात चार दिवस गेले. पोरांनी करवंदं खाऊन दिवस काढले. या खेपेला नवशीने डोकं चालवलं. चकत्या उकडून हारा पाण्यात ठेवला, आणि लगेच, त्याच सकाळी, खुंटाला डहाळी बांधून टाकली. मग ती घरोघर फिरली.

"डहाळी मी बांधलीया. त्यात कुणी हात घालू नये म्हणून. तीन दिस हाऱ्याला शिवायचं न्हाय, कळलं का?"

सगळ्यांना कळलं. हिरकीने तर दोनदा मान डोलावली. नवशीला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये! स्वतःचं घर सोडून ती पाच घरं फिरली होती. सातवं खोपट सगीचं, आणि ते बंद होतं. भट्टी पाऊस लागेपर्यंत चालते, सगीला यायला महिना आहे, असं तिने धरलं.

पण मालकाने भट्टी मध्येच बंद केली. दुसऱ्याच दिवशी दुपारी सगी डोंगर चढून आली. चिमी दोन दिवसांची उपाशी होती, तिला चालवत नव्हतं म्हणून पाठीवर होती. पाड्यावर शुकशुकाट, मोठी माणसं सगळी रानात. सगीला ओढ्याकाठी हिरवी डहाळी दिसली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. हाऱ्यातून तिने दोघींपुरता कंद काढला. घरी येऊन चूल पेटवली, मीठमिरची लावून कंद परतला. आईच ती, आधी चिमीला वाढलं. चिमीने तोंड वाकडं केलं, पण भुकेपुढे चव कुठली बघणार? तिने पानातलं सगळं संपवलं. वर आईचा वाटाही मागितला. सगीने तोही दिला.

उन्हं कलताना नवशी मोळी घेऊन उतारावरून येत होती. सगीच्या खोपटातून धूर निघताना दिसला. "आली गं माझी चिमी!" म्हणून ती हसली, आणि दोन पावलं भरभर टाकली. तिसरं पाऊल टाकताना तिच्या मनात आलं की घरात दाणा नाही, मग सगीने चुलीवर ठेवलंय काय?

मोळी तिथेच टाकून ती धावत सुटली.

चिमी आईच्या मांडीवर होती. ओठ सुजले होते, सारख्या ओकाऱ्या होत होत्या. नवशीने पोरीला पाठीवर घेतलं आणि खालच्या गावातल्या डॉक्टरकडे निघाली. सगी मागून धावत होती. वाट तीन कोसांची. पहिला कोसभर चिमीने मावशीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती. दुसऱ्या कोसात ती मिठी सैल झाली. नवशीला ते कळलं, तरी ती डॉक्टरच्या दारापर्यंत धावतच राहिली.

चिमीला माती दिल्यावर पाड्यावर सगळे गोळा झाले. हिरकी नवशीची समजूत घालू लागली. "तू तर समद्यांना सांगितलं व्हतंस गं. तुझी काय चूक?"

"सगीला न्हाय सांगितलं," नवशी म्हणाली. "सगीला डहाळीनं सांगितलं. आणि ती डहाळी मी बांधली व्हती."

सगी बहिणीला एका शब्दाने बोलली नाही. फार दिवसांनी एवढंच म्हणाली, "बाय, आयच्या कडेवर व्हते तवापासनं मी ती डहाळी बघत आले. तिला कधी इचारावं लागलं न्हाय."

शिवी दिली असती तर नवशीला सोसली असती. हे सोसवेना. रांधता रांधता, लाकडं तोडता तोडता ती मध्येच थांबायची आणि उभी राहायची.

पाड्याने मग नियम केला. जी काम हातात घेईल तिने आधी खुंटापाशी काळा धोंडा ठेवायचा. धोंडा दिसला की दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही आणि न्यायचंही नाही, तिथेच बसून वाट बघायची. आणि डहाळी बांधायची ती सगळ्यात शेवटी, चव घेऊन झाल्यावर. तिच्यानंतर करायचं काही म्हणजे काही उरता कामा नये.

पुढच्या वैशाखात कंद उकडायची वेळ आली. नवशी पुढे येईना. "माझ्या हातानं नको," ती म्हणाली.

"तूच कर," सगी म्हणाली. "घाई केली तर काय व्हतं, ते तुझ्यावानी कुणाला ठावं हाय?"

नवशीने धोंडा ठेवला, कंद उकडला, हारा पाण्यात सोडला. तीन दिवस ती खुंटाजवळून हलली नाही. बायका येत, धोंडा बघून काठावर बसत. पोटात भूक असून कुणी घाई केली नाही. चौथ्या दिवशी नवशीने चकती जिभेवर धरली आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिली. जीभ चुरचुरली नाही. तरी तिने दुसरी चकती घेतली, मग तिसरी. मग उठून तिने डहाळी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

डहाळी बांधून झाली तरी कोणी पुढे येईना. शेवटी सगी उठली. तिने हाऱ्यात हात घातला आणि सवयीने दोघींपुरता कंद काढला. मग हातातल्या चकत्यांकडे तिने बघितलं, आणि अर्ध्या परत हाऱ्यात टाकल्या.

तात्पर्य: जे सगळ्यांनी वापरायचं, ते एकानेच आणि एकदाच तयार करावं, बाकीच्यांनी तोवर थांबावं, आणि 'तयार आहे' ही खूण काम पुरतं झाल्यावर, सर्वांत शेवटी लावावी. ओढ्यातला हारा असो, नाहीतर ज्याच्या पोटात एकाच वेळी शेकडो कामं चालतात असा संगणक असो, खुणेवर विश्वास ठेवून येणारा आत डोकावून बघत नसतो.