बावीस गावं

“पण अय्या, बावीस गावं दाखवली मी तिला. तिला एकही का आठवू नये?”

शाल्मलीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा हसत विचारलं होतं, दुसऱ्यांदा समजावून सांगावं तसं, आणि आता आवाज थोडा चढला होता.

अय्या चुलीपुढे बसून पिठलं हाटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लाकूड सरकव जरा आत,” ते म्हणाले.

तिने लाकूड सरकवलं. धूर डोळ्यांत गेला.

गडहिंग्लजकडच्या एका बुटक्या टेकडीवर हा मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक चिंच आणि ऐंशी ओलांडलेले मुरगय्या. त्यांना सगळे अय्याच म्हणत. ते स्वतः रांधायचे आणि दुपारी जो कोणी दारात असेल त्याला वाढायचे. उपदेश वगैरे करत नसत. पण विचारलेल्याचं उत्तर मिळतं अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ऐकून शाल्मली ठाण्याहून नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली होती.

शाल्मली कर्णिक हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर तुमच्या घरात कोणीतरी ऐकलेलं असणार. ‘चार भिंती, चार वाटा’ नावाचं तिचं इंटरनेटवर पान आहे. भटकंती, पुस्तकं, स्वयंपाक आणि घराची सजावट, असा सगळा कारभार तिथे चालतो. लाखभर माणसं रोज बघतात. उशीला कुठल्या रंगाचा अभ्रा घालावा, हे ठरवायला लोक तिच्याकडे जातात. तिचं सगळं नेटकं असतं, आणि खोटं म्हणावं तर तसंही काही नसतं. बाई मनापासून करते.

गेल्या महिन्यात जुईने, म्हणजे तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने, शाळेत निबंध लिहिला. विषय होता ‘माझा अविस्मरणीय प्रवास’. जुईने लिहिलं, ‘आम्ही बावीस गावांना गेलो. मला ती नीट आठवत नाहीत. ती आईच्या फोनमध्ये आहेत.’ खाली बाईंनी लाल शाईने शेरा दिला होता, ‘अक्षर सुंदर’.

शाल्मलीने ती वही ओट्यापाशी उभी राहून दोनदा वाचली. एवढी धडपड कोणासाठी केली मग? लेक मोठी होईल, दूर जाईल, तेव्हा आईबरोबरचं काहीतरी तिच्याजवळ असावं म्हणूनच ना? आणि पोरीच्या गाठीला काहीच नाही.

तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

“हा कोनाडा फार सुंदर आहे,” उत्तर येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली. तिने वीत टाकून तो मोजलाही. “असाच आमच्या दिवाणखान्यात करून घेईन. ही वरची काळपट छटा कशी आणलीत?”

“दिवा लावून.”

दाराशी बसलेल्या निनादला, तिच्या नवऱ्याला, हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

कोनाड्याशेजारी फडक्यात बांधलेली एक पोथी होती.

“वाचायला एवढंच?”

“एवढंच.”

“मी वर्षाला साठ वाचते,” शाल्मली म्हणाली. सांगताना तिचा स्वर नकळत ताठ झाला.

“यंदा कुठलं आवडलं?”

तिने धडाधड तीन नावं सांगितली.

“काय हाय त्यांच्यात?”

“फार सुरेख आहेत. प्रत्येकाने एकदा तरी वाचावीत अशी.”

अय्यांनी मान हलवली आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी टम्म फुगली. जुई दारातून धावत आत आली आणि ती फुगताना बघत उभी राहिली.

“अय्या,” शाल्मली पुन्हा म्हणाली, “मी तिला समुद्र दाखवला, जंगल दाखवलं, लेणी दाखवली. प्रत्येक गावात तिथलं जेवण दिलं. माझं कुठे चुकलं ते सांगा. मी ऐकायलाच आलेय.”

“भूक लागली का गं तुला?” अय्यांनी जुईला विचारलं.

“खूप.”

“चला मग. बसा.”

फोन कुणाकडेच नव्हते. मठाच्या उंबऱ्याबाहेर एक फळी होती. तिच्याखाली चपला आणि तिच्यावर फोन ठेवायचे, अशी गावकऱ्यांनीच शिस्त लावली होती. शाल्मलीला ती फार आवडली होती. आत शिरण्यापूर्वी तिने त्या फळीचे सहा फोटो काढले, आणि मगच फोन फळीवर ठेवला.

जमिनीवर चार ताटं मांडली. भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. वाफ निघत होती.

अय्या बसले. निनाद आणि शाल्मली बसली. जुई बसली, आणि बसल्याबरोबर तिने आपलं ताट थोडं फिरवून दाराच्या उजेडाकडे घेतलं. कांद्याची फोड उचलून भाकरीच्या कडेला टेकवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली.

निनादही हात आवरून बसला होता. शाल्मलीचा हात सवयीने बाजूला गेला. तिथे फोन नव्हता.

कोणी जेवेना. ते बघून अय्यांनीही आपले हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली...

बराच वेळ गेला. वाफ विरळ झाली.

“कुठला मंत्र म्हणता तुम्ही?” अय्यांनी हळूच विचारलं. “जेवायच्या आधी?”

निनादने शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीने जमिनीकडे.

“मंत्र नाही,” जुई म्हणाली. “आईचा फोटो काढून व्हायचाय.”

“फोन तर भाईर हाय.”

“हो.” जुईने जरा विचार केला. मग आईकडे वळून म्हणाली, “मग खाऊ का?”

शाल्मलीला भयंकर लाज वाटली. पोर सकाळपासून उपाशी होती, टेकडी चढून आली होती, आणि समोरच्या ताटाला हात लावू का म्हणून विचारत होती. हे तिला कोणी शिकवलं, ते विचारायची सोय नव्हती.

“खा ना गं,” ती म्हणाली. शब्द वाटले त्यापेक्षा तिखट निघाले.

जुईने भाकरी मोडली. दाराकडची कड तशीच ठेवून, मागच्या बाजूने. घरीही ती असंच खायची, कारण पुढची बाजू दुसऱ्या फोटोसाठी लागायची. अय्या तिच्या बोटांकडे बघत राहिले.

जेवण सुरू झालं.

शाल्मलीचा हात ताटातून तोंडाकडे जात होता आणि डोकं भलतीकडेच चाललं होतं. ठीक आहे, चुकलं. आजपासून जेवायला बसल्यावर फोन नाही. घरी गेल्यागेल्या टेबलाजवळ अशीच एक फळी ठोकायची, जुन्या सागाची. आणि या सगळ्यावर लिहायचंही. ‘एका मठात मला माझी लेक सापडली.’ नको, जरा भडक होतंय. ‘एका मठातली दुपार.’ हे बरं. सुरुवात धुरापासून करायची की भाकरीपासून, एवढंच ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत ताट रिकामं झालं.

“पिठल्यात मीठ कसं हुतं?” अय्यांनी विचारलं.

“अगदी बेताचं,” शाल्मली पटकन म्हणाली. “आणि चव तर काय सांगू. आजकाल अशी चव मिळत नाही कुठे.”

अय्यांनी मान डोलावली.

निनाद ताटातल्या कांद्याकडे लक्ष देऊन बघू लागला. जुईने अय्यांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

“मीठ नव्हतंच,” ती म्हणाली.

“काय?”

“पिठल्यात, आई. मीठच नव्हतं. अजिबात.”

शाल्मलीने नवऱ्याकडे बघितलं.

“मला वाटलं, इथली पद्धत असेल,” निनाद म्हणाला.

“पद्धत कसली,” अय्या म्हणाले. “हिचा प्रश्न ऐकत बसलो. मीठ घालायचं ऱ्हायलं.”

शाल्मलीने ताटाला लागलेलं पिठलं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. नुसतं उकडलेलं पीठ. ते तिने ताटभर खाल्लं होतं, वर आणखी एकदा मागून घेतलं होतं.

“मग तू बोलली का नाहीस?” तिने जुईला विचारलं.

“छान म्हणायचं असतं ना.”

“कोणी सांगितलं?”

“तूच.” जुईच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेची वेळ सांगावी तसं तिने सांगितलं. “तू फोन धरून विचारतेस ना, कसं आहे जुई? तेव्हा छान म्हणायचं आणि हसायचं. नाहीतर परत करावं लागतं.”

चुलीतलं लाकूड तडकलं...

शाल्मलीने मनातल्या मनात एक गाव काढलं. कोकणातलं, तीन वर्षांपूर्वीचं. केळीचं पान आठवलं, डावीकडून येणारा उजेड आठवला, निळा कप आठवला. कपात काय होतं? तिने दुसरं गाव काढलं. लाकडी जिना, जुईचा पिवळा फ्रॉक, मागे डोंगर. त्या डोंगरावर वारा होता का? जुई तिथे काय बोलली होती?

मग ती एकेक गाव काढतच गेली. चित्रं स्वच्छ होती, सगळी होती. त्यापलीकडे कुठेच काही लागत नव्हतं. इतके दिवस ती लेकीला विचारत होती, तुला आठवत का नाही म्हणून.

“अय्या,” ती म्हणाली. “माझा प्रश्न...”

डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

“हात कुठे धुवायचे?” जुईने विचारलं.

अय्यांनी चिंचेखालचा रांजण दाखवला. जुई पळाली, तिच्यामागून निनाद गेला. बाहेरून पाण्याचा आवाज आला आणि जुईची बडबड ऐकू आली. फुगलेल्या भाकरीत काठी खुपसली तर ती फुटते का, त्या आजोबांनी पण बिनमिठाचं सगळं कसं काय संपवलं, आणि आपण घरी एकदा मुद्दाम तसं करून बघायचं का. निनाद हसत होता. जुई एवढं सलग कधी बोलली होती, हे शाल्मलीला आठवेना.

ती ताट उचलून उठायला लागली.

अय्यांनी हात आडवा धरला. टोपल्यातली एक भाकरी काढून त्यांनी तिच्या खरकट्या ताटात ठेवली. पातेल्याच्या बुडाशी उरलेलं पिठलं वाढलं. ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं, आणि ताट पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

“माझं झालं, अय्या,” ती म्हणाली. “पोट भरलं.”

“पोरीचं झालं,” अय्या म्हणाले. “आता तू जेव.”