पेटीतलं लुगडं

एकदा एक कापडाचा व्यापारी होता. गोष्ट शपथेवर खरी आहे. घडली तेव्हा मी त्याच घरात हजर होतो. कोण काय बोललं त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, हा भाग वेगळा.

व्यापाऱ्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आई नुकतीच गेलेली. नातू झाला तसा व्यापाऱ्यानं दुकानातला सर्वोत्तम तागाच उलगडला. अंगडं नवं, टोपडं नवं, दुपटंही कोरं करकरीत. कापडवाल्याच्या नातवाला जुनेर घालायचं म्हणजे दुकानाची अब्रूच गेली की! पण त्या कोऱ्या कापडानं बाळाच्या मानेला, काखेत लाल चट्टे उठले. बाळ रडून रडून काळंनिळं होई. दूधही घेईना.

"बाबा, आईचं एखादं जुनं लुगडं द्या ना," लेक काकुळतीला आली.

"त्या पेटीला हात लावायचा नाही. तिची तेवढीच आठवण उरलीय."

त्याच सुमारास एक वृद्ध गुरू शिष्यासह दारी आले. बाळाचं रडणं आणि लेकीचं गाऱ्हाणं ऐकून त्यांनी पेटी उघडायला लावली, त्यातलं सर्वांत विटलेलं लुगडं निवडलं आणि व्यापाऱ्याच्या हाती कात्री देऊन म्हणाले, "फाडा."

शिष्य दचकला. "गुरुजी! अहो, गेलेल्या माणसाची वस्तू ती!"

गुरूंनी तिकडे लक्षच दिलं नाही. "शेठजी, दुकानात दिवसभर चराचरा फाडता ना?"

"ते गिऱ्हाइकासाठी, महाराज. हे तिचं आहे."

"मग तिच्या नातवाला तिचं नको?"

व्यापाऱ्यानं काठाला कात्री लावली. हात थबकला. आतून बाळाचा बसलेला आवाज आला, तसं त्यानं डोळे मिटून लुगडं टरकावलं.

लेकीनं बाळ त्यात गुंडाळलं. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचा सुस्कारा झाला, आणि बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागलं. लेकीनं भिंतीला पाठ टेकली. साऱ्या घराचा कोंडलेला श्वास मोकळा झाला.

गुरू शिष्याला म्हणाले, "वत्सा, कोऱ्या कापडात खळ असते, त्याला अजून माणसाची ओळख नसते. हे लुगडं त्या माउलीनं वर्षानुवर्षं धुतलं, पिळलं, वाळवलं, तेव्हा कुठं ते असं मऊ झालं. पेटीत त्याला कसरच खाणार होती. आता आधी दुपटं, मग लंगोट, मग गोधडीतलं ठिगळ. ती या घरात वावरत राहील."

व्यापाऱ्यानं पेटीतलं दुसरं लुगडं काढलं, सवयीनं बोटांत चुरून पाहिलं आणि म्हणाला, "हे गोधडीला बरं."

आता कबुली. गुरू-शिष्य मी पदरचे घातले. ते नसले तर दृष्टांत कोणी ऐकून घेत नाही. पेटी आजोबांनी आपण होऊनच उघडली होती. बाकी सगळं खरं. त्या लुगड्याचा शेवटचा तुकडा अजून माझ्या खिशात असतो. चष्म्याची काच दुसऱ्या कशानं इतकी स्वच्छ होत नाही.