मापट्याचं बूड

भांड्यांनाही लाज वाटायची, त्या काळची ही गोष्ट. आठवडी बाजारात तुळाजी शेट चुरमुरे विकायचा. एकदा त्याने आपल्या पितळी मापट्याचं बूड हातोडीने ठोकून आत ढकललं. मापट्यात मूठभर कमी मावू लागलं.

"काय रे, पोट खपाटीला गेलं?" शेजारचं शेराचं माप हसलं. मापट्याने बूड जमिनीला घट्ट टेकवलं. खोटं माप तेव्हा चौकात घणाने फोडत.

चौथ्या बाजारी चुरमुरे नेणाऱ्या सखुबाईने बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या चौगुल्याला गाठलं. "पूर्वी मापटंभर चुरमुरे चार पोरांना पुरायचे. आता धाकटी रडत झोपते."

"दोन मापट्यांचा शेर होतो. ओता बघू शेरात," चौगुला म्हणाला. शेर भरला नाही.

"हलकी चीज, चौगुले! दबते जराशी," शेट मापट्याचं बूड तळव्याने झाकून म्हणाला. चौगुल्याने मान डोलावली आणि तो निघाला.

मापट्याने चौकातला घण पाहिला. मग सखुबाईची अर्धी ओटी पाहिली. त्याने शेटच्या हातातून अंग झोकून दिलं आणि ते चौगुल्याच्या पायाशी पालथं पडलं. खोलगट बूड सगळ्या बाजाराने पाहिलं.

चौगुल्याने घण उगारला. सखुबाई आडवी आली. "त्याला काय फोडता? ठोकणारा हात कुणाचा, ते विचारा की!"

चौगुल्याने घण खाली ठेवला. "शेट, याच मापट्याने विकायचं. दाणे आपोआप सांडेपर्यंत भरायचं. जन्मभर."

तेव्हापासून चुरमुरे शीग लावून मिळतात. शहाण्या बायका मात्र शीग नंतर बघतात, आधी बूड चाचपतात.