जात्याची पहिली सफर

मोटारी नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या गॅरेजात सयाजी मिस्त्रींनी एक गाडी खोलून तिचे भाग पोत्यावर मांडले होते. ते जेवायला गेले आणि भागांमध्ये भांडण जुंपलं.

"मी आहे म्हणून तुम्ही आहात, नाहीतर सगळे भंगार!" असं म्हणत इंजिन इतकं धडधडलं की छपराचे पत्रे थरथरले. जागचं मात्र ते तसूभर हललं नाही.

"धावतं कोण? मी!" म्हणत चाक ऐटीत उतारावरून सुटलं आणि थेट गटारात जाऊन पडलं.

"मला हाक तरी मारायचीस!" ब्रेक पोत्यावरून ओरडला.

दाराशी एक जुनं जातं होतं. सगळे त्याला आजी म्हणत. आजी म्हणाली, "बाळांनो, जन्मभर मीही गरगर फिरले, पण हा उंबरा काही ओलांडता आला नाही. तुम्ही एकमेकांना धरून घाट ओलांडता. केवढं नवल आहे हे! आणि भांडता कसले?"

एवढ्यात मिस्त्री जेवून परतले.

मिस्त्रींनी गटारातलं चाक धुतलं, गाडी जोडली. जात्यात हल्ली पीठ भरड पडत होतं. जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने त्याचे दगड पुन्हा खडबडीत करून घ्यायला त्यांनी ते गाडीत ठेवलं आणि पाथरवटाकडे निघाले.

घाटाचं वळण आलं. इंजिनाने आवाज उतरवला, ब्रेक अलगद लागला. चाकाने विचारलं, "आजी, भीती वाटते का? सावकाश जाऊ?"

"मेल्या, सावकाश तर जन्मभर फिरले," आजी म्हणाली. "आता पळव!"