स्वतंत्र खुंटी

भांडीकुंडी आपसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात पितळी पळी होती. साऱ्या घराची आमटी तीच वाढायची, पण तिचा डोळा सदा समोरच्या खुंटीवर. तिथे एकटाच एक लाकडी चमचा टांगलेला असे.

घरातल्या लहानग्या मैनेला शेंगदाणा सोसत नसे. कणभर कूट पोटात गेलं, तरी घसा सुजून तिचा श्वास अडे. म्हणून तिची तांदळाची उकड, नाचणीचं सत्त्व, खोबऱ्याची चटणी, सारं वेगळ्या भांड्यात व्हायचं आणि त्याच चमच्यानं ढवळलं जायचं.

"काय बाई थाट! एका पोरीची उकड ढवळतो नि राजासारखा मिरवतो," पळी म्हणे.

एकदा घाईत आईनं शेंगदाण्याचं कूट घातलेल्या आमटीतली पळी उकडीच्या पातेल्यावर क्षणभर टेकवली. पळीनं संधी साधली आणि ती आत घसरली.

"पळीताई, बाहेर निघ! तुला कूट लागलंय!" चमचा ओरडला.

"लागू दे! आज मीच वाढणार तिला."

मैना वाटी घेऊन आलीच. चमच्यानं खुंटीवरून उडी टाकली आणि पातेलं लवंडलं; तोही त्याच उकडीत पडला. सांडलेल्या उकडीत आईला पळी दिसली. तिनं मैनेला घट्ट पोटाशी धरलं.

पळी घासून लख्ख झाली. लाकडात मुरलेलं कूट मात्र निघत नाही. खुंटीवर नवा चमचा आला आणि जुना पळीशेजारी आला.

"पळीताई," तो म्हणाला, "नव्याला एवढं सांगशील? मैनेला उकड निवलेली लागते."

पळीनं खुंटीकडे पाहिलं. "ए नव्या," तिनं हाक मारली, "मैनेला उकड निवलेली लागते बरं!"