साळिंदराच्या दाराशी टकटक

एका जंगलात एक खार राहत असे. घटकाभर एका जागी बसेल तर शपथ! जंगलातल्या म्हाताऱ्या, आजारी प्राण्यांना घास पोचवणारं एक सेवामंडळ होतं, त्यात ती राबायची. वडाखालच्या बिळात एक आंधळं साळिंदर होतं बघा. अनोळखी पाऊल वाजलं की ते काटे फुलवून आत दडून बसे. म्हणून खार दाराशी तीनदा टकटक करी, "आजोबा, मी आलेय," म्हणे आणि त्याचे कंद खाऊन होईपर्यंत गप्पा मारत बसे.

पुढे मंडळावर नवा कारभारी आला, बगळा. हेतू वाईट नव्हता हो बिचाऱ्याचा! त्याने चोचीने वाळूत रेघा ओढल्या आणि कोणी कुठल्या बिळाशी घास पोचवायचा, ते सगळं बदलून टाकलं. "खारूताई, उद्यापासून तुम्ही ओढ्यापलीकडे. वडाकडे उंदीर जाईल. गप्पांत फार वेळ जातो तुमचा!"

"अहो, पण आजोबांना निदान सांगून तरी येते."

"कशाला? कंद पोचल्याशी कारण!"

झालं! खार ओढ्यापलीकडे धावू लागली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. झाडावर चढे, वडाकडे बघे, उतरे, पुन्हा चढे. रोज उंदराला विचारी, "खाल्लं का रे त्यांनी?" उंदराच्या वाटणीला आता दहा बिळं. "दाराशी ठेवले की!" म्हणत तो पळे. पाचव्या दिवशी वडाकडून मुंग्यांची रांग येताना दिसली. प्रत्येकीच्या तोंडात कंदाचा कण! म्हणजे कंद दाराशीच पडून होते!

तिने बगळ्याला तडक बिळापाशी आणलं. बगळ्याने मोठ्याने हाक मारली. आतून नुसते काटे खळखळले. मग खारीने तीनदा टकटक केली. "आजोबा, मी आलेय." तेव्हा कुठे नुसती हाडं उरलेलं साळिंदर धडपडत पुढे आलं.

"आलीस गं पोरी? मला वाटलं, माझंच काही चुकलं, म्हणून रुसलीस."

खारीला रडूच फुटलं. बगळ्याने मान खाली घातली. "खारूताई," तो म्हणाला, "वाटणी पुन्हा करू. या खेपेला तुम्ही सांगा, मी रेघा ओढतो."

तात्पर्य : सेवेची नवी घडी जरूर बसवावी; पण ज्याच्या तोंडचा घास आहे आणि जो भरवतो, त्या दोघांना आधी विचारावं.